शेजारी दिसत नाही

ओएसपीएफचा आरएफसी 2328 मी मुळातून वाचलाय, असं मी ऑफिसात सांगत असतो. 1998 सालचा, 244 पानांचा. पानं मी मोजली आहेत, एवढं खरं.

त्या रात्री सोलापूरच्या शाखेतला पोरगा फोनवर होता. ‘‘सर, पिंग जातंय, पण नेबर येईना.’’

‘‘टायमर बघ.’’

‘‘हॅलो 10, डेड 40. तेच आहे सर.’’

एरिया झाला, मास्क झाला. मग मी त्याला केबल बदलायला लावली. ‘‘सर, डिबग लावलाय. तुमच्याकडूनच हॅलो येईना.’’

माझ्याकडून! वीस वर्षं राउटर हाताळतोय मी. ‘‘परत बघ,’’ म्हणालो.

खरं तर नेबर जुळल्यावरची गंमत मला जास्त आवडते. इथरनेटवर राउटर आपसांत एक म्होरक्या निवडतात, डीआर. प्रायॉरिटी मोठी त्याला पद. सारखीच असेल तर राउटर आयडी मोठा तो. एकदा बसला की मागून कितीही थोर राउटर येवो, हा खुर्ची सोडत नाही. बंद पडला तरच उपाध्यक्ष वर सरकतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन याच नियमाने चालतात, फक्त रीबूट होत नाहीत. प्रायॉरिटी शून्य ठेवली की निवडणुकीला उभंच राहावं लागत नाही. सोसायटीच्या सभेत मी तीच ठेवतो आणि घरी येऊन चेअरमनला नावं ठेवतो.

साडेअकराला पोरगा म्हणाला, ‘‘सर, डबा खाऊन घेऊ का?’’

‘‘आधी दुसरा पोर्ट बघ.’’

मग स्वतःचं कॉन्फिगरेशन उघडलं, निव्वळ त्याचं तोंड बंद करायला. संध्याकाळी सुरक्षेच्या उमाळ्यात मीच लिहिलेली ओळ तिथे होती: पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट. म्हणजे इंटरफेस आपला पत्ता गावभर सांगणार, पण शेजाऱ्याला हॅलो म्हणणार नाही आणि त्याचा हॅलो कानावर घेणार नाही. सोलापूरचा पोर्ट त्यातून वगळायचा राहिला होता.

तीन तास. दर 10 सेकंदांना एक, म्हणजे 1,080 हॅलो. तेवढ्यांना मी उत्तर दिलं नव्हतं, आणि वर तो जेवायची परवानगी मागत होता. गुपचूप ‘नो’ लावून ओळ टाकली.

‘‘सर, फुल झालं! काय होतं तुमच्याकडे?’’

‘‘काही नाही रे. लिंक जरा नाचत होती.’’

‘‘होतं सर कधीकधी,’’ तो म्हणाला. फार समजूतदारपणे म्हणाला. मागे डब्याचं झाकण वाजलं.