आईला फोन : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : मोशीत कॉटवर घेतलेली जागा, चाकणच्या कंपनीतली कंत्राटी नोकरी आणि आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीवर बटणाचा फोन बाळगणारी आई. यातलं काही कमी असेल तर पान उलटावं.

प्रथम सवलत शोधावी. अमेरिकेत १९८५ पासून ‘लाइफलाइन’ नावाची योजना आहे. गरीब घराच्या फोनबिलातून दरमहा ९.२५ डॉलरपर्यंत रक्कम वजा होते; घर आदिवासी भूमीवर असेल तर ३४.२५ डॉलरपर्यंत. हे वाचून घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात अर्ज मागायला जाऊ नये. फुकट एक खाडा पडतो. फोनसाठी निधी आपल्याकडेही आहे. २००२ पासून फोन कंपन्यांच्या उत्पन्नातला वाटा त्यासाठी बाजूला निघतो, आणि २०२३ च्या कायद्याने त्याचं बारसं ‘डिजिटल भारत निधी’ असं झालं. त्यातून दुर्गम गावांत टॉवर उभे राहतात. रिचार्ज मात्र ज्याचा त्याने मारायचा. विहीर सरकारी, पोहरा आपला.

मोबाइलचा महिना २८ दिवसांचा, हे पाठ करावं. वर्षात असे १३ बसतात. धोंड्याचा महिना निदान तीन वर्षांतून एकदा येतो, हा दरवर्षी. आणि वाण कायम एकाच जावयाला. दूरसंचार नियामक ट्रायने २०२२ मध्ये कंपन्यांना ३० दिवसांचा पॅकही ठेवायला लावला, २०२४ च्या अखेरीस इंटरनेट नसलेला, नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा. आईला तोच पुरतो. पण तो नाव घेऊन मागावा लागतो, आणि दुकानदार असा बघतो, जणू आपण पन्नास ग्रॅम गोडेतेल मागितलं.

पगार लांबला तर स्वतःचा रिचार्ज मारावा, आईचा राहू द्यावा. सुपरवायझरचा फोन चुकला तर नोकरी जाते. आईचा फोन बंद असला तर ती फक्त वाट बघते. नवशिके इथे सिम जाईल म्हणून घाबरतात. तसं नसतं. न वापरलेला नंबरही ९० दिवस बंद करता येत नाही, खात्यात २० रुपये असतील तर पुढेही मुदत मिळते. फक्त येणारे कॉलही थांबतात. म्हणजे नंबर जिवंत असतो, आई त्यावर सापडत नाही.

अशा वेळी शेजारच्या पोराच्या फोनवर लावावा. रेंजसाठी तो टेपाडावर कधी चढतो, हे आधीच विचारून ठेवावं. ती वेळ हटकून आपल्या सेकंड शिफ्टची निघते.

पगार झाला की आईचा रिचार्ज मारून लगेच फोन लावावा. ती म्हणेल, “बरा हाये ना? जेवला का? ठेव मग, पैसं जात्यात.” आता कितीही बोललं तरी तेवढेच पडतात, हे तिला समजावून सांगावं. तोवर तिने फोन ठेवलेला असतो.