निर्धाराला आमच्याकडे तोटा नाही

वजन उतरवायचे तर आधी माइंडसेट बदला, मन तयार झाले की शरीर आपोआप मागून येते, असे हल्ली जो तो सांगत सुटला आहे. सांगणाऱ्याने एकदा बेळगावला, महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात येऊन जावे. महाराष्ट्रात सामील होण्यासाठी 1956 पासून आम्ही दर 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. महाजन आयोग 1967 साली अहवाल देऊन गेला, महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आजोबांच्या जागी नातू घोषणा देऊ लागला, पण माघार नाही. अशा कणखर मनाचा माणूस कुंद्याच्या उघड्या डब्यासमोर पाच मिनिटे टिकत नाही. तेव्हा दोष मनाचा नसावा, असा आम्हाला दाट संशय आहे.

मुळात आमच्या ताटाचा मामलाच वेगळा. आयोगाने गावे वाटली, ताट वाटायचे राहून गेले. त्यामुळे कोल्हापूरचा तांबडा-पांढरा आमचा, दावणगिरीचा लोणीडोसाही आमचा. सकाळी उप्पीट, रात्री झुणका-भाकर आणि लग्नाकार्यात मांडे. या एका बाबतीत दोन्ही राज्यांचा आमच्यावरचा हक्क आम्ही विनातक्रार मान्य केलेला आहे. उपवास करावा म्हटले, तर बेळगाव तालुका रताळ्यांचा. म्हणजे एकादशीलाही पोट रिकामे राहण्याचा धोका नाही.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित की ऋजुता दिवेकर असा वाद पेटला, तेव्हा त्याची झळ आमच्या गल्लीपर्यंत आली. एक पक्ष म्हणे, दिवसातून दोनदाच जेवा आणि 55 मिनिटांत उरका. दुसरा म्हणे, दर दोन तासांनी थोडेथोडे खा, तूपही सोडू नका. गल्लीतल्या एका मामांनी दोन्ही बाजू सांभाळल्या. घड्याळ लावून 55 मिनिटांची दोन जेवणे, आणि मधल्या वेळात दर दोन तासांनी थोडेथोडे, तुपासह. सीमाभागातल्या माणसाला एका पक्षाची बाजू घेऊन दुसऱ्याला दुखवणे जमत नाही. वजन वाढले, तेव्हा मामा म्हणाले, ‘‘माइंडसेट अजून पक्का झाला नाही की!’’

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे जाऊन बघा. बूट नवे, मनगटावर पावले मोजणारे घड्याळ, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘संकल्प’ नावाचा ग्रुप. संक्रांतीपर्यंत चालणाऱ्यांपेक्षा ग्रुपवर सुप्रभात घालणारे जास्त. उरलेले दोन फेऱ्या मारून बाहेर पडतात आणि ‘एवढं चाललोय की’ म्हणत उप्पिटावर शेव मागवतात.

या सगळ्यांना ‘सवय लागायला 21 दिवस’ हा मंत्र तोंडपाठ असतो. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकातून पसरला. ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान 21 दिवस लागतात, एवढेच त्याचे निरीक्षण होते. त्यातला ‘निदान’ वाटेत गळाला. मोदक 21, दुर्वा 21, मग सवयीलाही 21 हे आम्हाला पटायला वेळ लागला नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 लोकांवर हे खरोखर तपासले, तेव्हा साधारण 66 दिवस निघाले. कुणाला 18, तर कुणाला हिशेबाने 254. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसले. आमच्याकडे मात्र एक दिवस चुकला की ‘आता पुढच्या पाडव्याला’.

त्या प्रयोगात प्रत्येकाला आपली सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधायची होती, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर. हे शिकायला लंडन कशाला? बेळगावहून महामार्ग धरावा आणि निपाणीला उतरावे. तंबाखूची सवय या एका गोष्टीवर हे गाव उभे राहिले.

चहा संपतो. एकजण चंची सोडतो, तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, शेजारचा न मागता चुन्याची डबी पुढे करतो. अंगठ्याने मळणे, दोन थापा, उडालेली भुकटी फुंकणे, आणि मग तिघांत वाटणी. चहा झाला की तंबाखू, तंबाखू निघाली की मित्र, मित्र आला की पुन्हा चहा. या कामासाठी कुणी कधी व्हिजन बोर्ड केला? ‘मी तंबाखू खाणारा माणूस आहे’ असे आरशासमोर म्हटले? पाकिटाच्या 85 टक्के भागावर सडलेल्या तोंडाचे चित्र छापूनही ही सवय सुटत नाही आणि पाच हजारांचे बूट घेऊनही चालण्याची लागत नाही. कारण एकीला वेळ, जागा आणि सोबती आहेत. दुसरीला नुसता निर्धार आहे.

निर्धारही एकट्याने टिकत नाही, हे त्याच निपाणीने दाखवले आहे. तंबाखूच्या भावासाठी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर शेतकरी 14 मार्च 1981 ला महामार्गावर बसले, ते 6 एप्रिलपर्यंत हलले नाहीत. शेवटी गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. त्या रस्त्यावर सकाळी उठून कुणाला आज मूड आहे का, असे स्वतःला विचारावे लागत नव्हते. शेजारी गाव बसले होते. तालमीतल्या पोरालाही वस्ताद हेच विचारत नाही. पहाटे जोर काढायला आला नाही, तर घरी निरोप जातो, आणि निरोपाच्या मागोमाग कधीकधी वस्तादही येतो.

तेव्हा ‘मनाची ताकद’ या विषयावर आमच्याकडे व्याख्यान ठेवू नका. हॉलचे भाडे वाचवा. तसेही व्याख्यानानंतर अल्पोपाहार असतोच. त्याऐवजी पहाटे साडेपाचला दार वाजवून ‘मामा, चला की’ म्हणणारा एखादा शेजारी असेल तर आमच्या गल्लीकडे पाठवा. चहा आमच्याकडून. कुंदा मात्र त्याने येताना आणू नये.