बॅट टाक, भो!

पहाटे साडेपाचला पिंप्राळ्याच्या रस्त्यावरून स्कूटर जाते. पायाशी खताची गोणी, गोणीतून बॅटींचे दांडे डोकावताहेत. चहावाला रोज विचारतो, "सर, भरीत ठेचायला निघाले का?" सर रोज हसतात. ते बेसबॉलची खासगी शिकवणी घेतात.

आपल्याकडचे बरेच बेसबॉलवाले मूळचे सॉफ्टबॉलचे, तसेच सरही. सॉफ्टबॉलला दोन बेसमध्ये ६० फूट, बेसबॉलला ९०. सर पावलांनी मोजतात, त्यामुळे प्रकरण बहुधा ७५ वर मिटतं.

'वयाची अट नाही' ही त्यांची जाहिरात अक्षरशः खरी. दुसरीतला पोरगा येतो, ग्रेस मार्कांवर डोळा ठेवून दहावीतला येतो, पोलीस भरतीत गोळा लांब जावा म्हणून एक जण येतो, आणि डॉक्टरांनी साखर सांगितली म्हणून एक निवृत्त तात्या. सर सगळ्यांना आधी एकच गोष्ट शिकवतात: क्रिकेट विसरणं. इथे टप्पा नाही. चेंडू मागे गेला की फाऊल. एरवी ज्यावर टाळ्या पडल्या असत्या तो लेट कट इथे स्ट्राइक म्हणून मोजला जातो. आणि फटका बसला की बॅट टाकून पळायचं. पोरं मात्र बॅट काखोटीला मारूनच धावतात. "टाक ना भो ती! क्रीज नाही इथं!" ही आरोळी मंदिरापर्यंत जाते.

उदाहरणं सगळी गावातली. बेसवर घसरत पाय कसा सारायचा? आषाढी एकादशीच्या रथाच्या चाकाखाली मोगरी सारतात तसा. चेंडूवर १०८ दुहेरी टाके असतात म्हटल्यावर एका आजीने तो हातात घेऊन नमस्कारच केला. त्या दिवशी नातवाचं नाव दाखल झालं. सरांनी ही युक्ती तेव्हापासून सोडलेली नाही.

पालकांसमोर सर रिंकू सिंगचं नाव काढतात.

"पाच षटकारवाला?"

"तो नाही हो. हा दुसरा. भालाफेक करायचा, उत्तर प्रदेशातला. २००८ मध्ये चेंडू जोरात फेकायच्या स्पर्धेतून निवडला गेला. तो आणि दिनेश पटेल, दोघांना अमेरिकेत पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. सिनेमा निघाला त्यांच्यावर!"

"आता काय करतो?"

इथे सर जरा अडखळतात. रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, वीर महान नावाने.

"मग पोराला कुस्तीच लावतो ना," पालक म्हणतात.

सरांच्या गोणीत डावखुऱ्याचं एकच ग्लव्ह आहे, उजव्या हातात घालायचं. कोणे एकेकाळी हौसेने घेतलं, तेव्हापासून ते डावखुरा शोधताहेत. लग्नाच्या पंगतीत कुणी डाव्या हाताने पाण्याचा ग्लास उचलला, तरी सर जेवण सोडून चौकशीला जातात.

मागच्या आठवड्यात तात्यांचा पहिला फटका बसला. दोन स्ट्राइक झाले होते, तिसरा चेंडू थेट शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून गेला. सर ओरडले, "पळा!" तात्या पळाले. बॅटही टाकली. निम्म्या वाटेत एक चप्पल निसटली, तशी ती आणायला मागे फिरले. बॉल पहिल्या बेसवर कधीच पोचला होता.

"आउट," सर म्हणाले. "पण तात्या, बॅट टाकली तुम्ही!"