श्रीमान दहा हजार यांस अनावृत पत्र

श्रीमान दहा हजार,
मुक्काम पोस्ट : डावं मनगट

स. न. वि. वि.

आपण कुशल असालच. आपल्याला काय धाड भरणार? धापा टाकायच्या आम्ही, टाचेला तेल चोळायचं आम्ही. आपण रात्री बाराच्या ठोक्याला आमची दिवसभराची कमाई शून्य करता आणि उजाडलं की तेवढीच वसुली मागायला पुन्हा दारात हजर. पठाणी व्याजवालेसुद्धा रविवारी सुट्टी घेत असतील.

पत्रास कारण आमच्या वहिनी. पन्नाशी उलटली, डॉक्टर ओरडले, तेव्हा यंदा काहीतरी व्यायाम सुरू करायचाच असं त्यांनी मनावर घेतलं. आता शिवाजी पार्कात राहणाऱ्या माणसाला पर्यायांची काय वाण? महात्मा गांधी तलाव हाकेच्या अंतरावर. जिमखान्यात टेनिस. समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबापासून सगळं. योगवर्ग तर दर दोन इमारतींमागे एक. वहिनी माहेरच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या, म्हणून तलावाची चौकशी करून आल्या. फी परवडणारी, बायकांची वेळ सोयीची. सगळं जमत आलं आणि घरी येऊन त्यांनी विचारलं, "पण पोहण्यात स्टेप्स धरतात का हो?"

नाही धरत. बेत तिथेच बुडाला. वहिनी आता मैदानाच्या कट्ट्याभोवती प्रदक्षिणा घालतात. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची, आपल्या समाधानासाठी सहाएक तरी हव्यात. बरोबरच्या बायका एकमेकींना "कशी आहेस?" विचारत नाहीत, "किती झाल्या?" विचारतात.

माणसाने कुठला व्यायाम निवडावा हे त्याची आवड ठरवेल, गुडघे ठरवतील, खिसा ठरवेल, फार तर शेजारची मैत्रीण ठरवेल, असा आमचा जुनाट समज होता. आपण तो निकालात काढलात. जे मनगटावर उमटतं तोच व्यायाम, बाकी सगळा टाइमपास. मैदानाच्या आत एखादी दहा वर्षांची पोर खांबावर उलटी लटकून नुसत्या मांड्यांच्या पकडीवर हात सोडते. आपल्या वहीत तिची पावलं किती? शून्य. कट्ट्यावरून फोनवर बोलत, भेळ खात रेंगाळणारे गृहस्थ मात्र साडेआठ हजारांवर, म्हणजे जवळजवळ पैलवानच. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले होते. एका सतरंजीवर उभं राहून घातलेल्या नमस्कारांचं आपण काय केलं असतंत? तासातासाला राजेसाहेबांच्या मनगटावर थरथरून सांगितलं असतंत, "उठा, हालचाल करा."

एवढा दरारा आहे म्हणजे घराणंही तसंच थोर असणार, वैद्यकशास्त्राच्या एखाद्या परिषदेत आपला राज्याभिषेक झाला असणार, अशी माझी समजूत होती. म्हणून आपली कुळकथा काढली. 1964 मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा पसरली आणि त्या हवेवर स्वार होऊन पुढच्याच वर्षी, 1965 साली, यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. यंत्राला नाव दिलं आपलं. गोल आकडा, लक्षात राहायला सोपा, जाहिरातीत शोभणारा. म्हणजे आपण दुकानाच्या पाटीवर जन्मलात आणि आमच्याकडे मात्र थेट धन्वंतरीचे अवतार म्हणून मिरवता. आमच्याकडे बाटा नव्व्याण्णववर संपणाऱ्या किमतीची चप्पल विकते म्हणून कुणी त्या आकड्याला रोज सकाळी नमस्कार घालत नाही.

आणि ज्यांनी खरोखर मोजून पाहिलं त्यांचं काय म्हणणं? हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 16,741 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. सरासरी वय 72. दिवसाला 2,700च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमधलं मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळलं. पुढे साडेसात हजारांपर्यंत ते घटत गेलं आणि मग जवळपास थांबलं. वरचे अडीच हजार आपण कुठल्या खात्यावर वसूल करता, ते कळेल काय? जीएसटी तर नव्हे?

चालण्याशी माझं भांडण नाही, हे इथेच नोंदवून ठेवते. सोफ्यावरून चार माणसं आपण उठवलीत, त्याचं पुण्य आपल्या पदरात. पण चालून भागत नाही असंही बरंच काही शरीरात असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशी मिनिटांत बोलतात : आठवड्याला मध्यम मेहनतीची 150 ते 300 मिनिटं. त्यात चालणं आलं, पोहणं आलं, सायकल आली, नाचसुद्धा आला. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. आपलं नाव त्या शिफारशींत कुठेही नाही. बघा, चुकून राहून गेलं असेल. वहिनींना उद्या दादरच्या पुलाचा जिना पिशव्या घेऊन उतरायचा असेल, तर उपयोगी पडतील त्या बैठका. पण बैठका काढल्या तर आपण खूश होत नाही, मग त्या कोण काढणार?

रात्री पावणेअकराला आमच्या इमारतीत यावं कधी. खालच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाभोवती एक गृहस्थ गरगरत असतात, कारण सहाशे राहिल्यात. दुसरे हात झुलवत टीव्हीसमोर उभे. एकांनी घड्याळ नातवाच्या पाळण्याला बांधून पाहिलं. नातू झोपला, आजोबांचं लक्ष्य पूर्ण. हसू नका. चीनमध्ये फोन झुलवून पावलं वाढवणारी यंत्रंच विकत मिळतात. आपल्याला फसवायचं यंत्र निघालं, याहून मोठा मान कुठल्या आकड्याला मिळाला आहे? तळवलकरांच्या व्यायामशाळांच्या जमान्यात व्यायाम चुकवायचा तर माणूस सरळ पांघरूण ओढून झोपायचा. आता चुकवायलाही मेहनत पडते.

कचेऱ्यांनी तर आपल्याला भागीदारच करून घेतलं आहे. स्टेप चॅलेंज लावायचं, पहिल्या येणाऱ्याला पाण्याची बाटली द्यायची. रोज सायकलने येणारा शिपाई त्या यादीत तळाला असतो आणि पोहणारी लेखापाल त्याच्याही खाली. त्यांना बक्षीस नको आहे म्हणा. पण पुढच्या महिन्यात त्यातली एखादी पोहणं सोडून जेवणाच्या सुट्टीत वाहनतळात चकरा मारायला लागली, तर तो गुन्हाही आपल्याच खात्यावर मांडीन.

तेव्हा मागणी एवढीच की आपण मनगटावरून उतरून निवृत्त व्हावं. सत्काराचा खर्च कट्टा मंडळ करील, शाल-श्रीफळ ठरलेलं आहे. एक काळजी मात्र वाटते. 2025 मध्ये लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात सात हजार पावलांचं कौतुक आल्यापासून आपले धाकटे बंधू, चिरंजीव सात हजार, गादीकडे डोळा लावून बसले आहेत म्हणे. अभ्यास पक्का आहे, पण त्यांना घड्याळवाल्यांकडे पाठवू नका. वहिनींनी परवा तलावाचा अर्ज पुन्हा बाहेर काढला आहे, आणि तो भरून होईपर्यंत तरी घरात दुसरा आकडा नको.

कळावे,
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरील एक त्रस्त प्रदक्षिणार्थी