दार, ढाल आणि माझा गळा

रिपोर्ट हातात घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो, तर आत चौथ्या मजल्यावरच्या काकू. चेहरा पाहून त्यांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं, "थायरॉइड निघाला." माहेरचं माणूस भेटल्यासारख्या काकू खुलल्या. "अगं बाई! किती?" मी म्हटलं, "नऊ पूर्णांक दोन." "माझा जास्त आहे हो," त्या म्हणाल्या. "म्हणजे टीएसएच कमी, थायरॉइड जास्त. तुमचं उलटं." दहावीच्या निकालानंतर असा संवाद मी पहिल्यांदाच केला.

तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे मला आजारापेक्षा वाक्य जास्त छळतं. 'थायरॉइड निघाला' म्हणजे काय? तो तर जन्मापासून सगळ्यांनाच असतो. 'मला यकृत निघालं' असं कुणी म्हणत नाही. उलट हा दीड-दोन तोळ्यांचा ऐवज रोज गळ्यात घालून फिरत होतो, याची मला इतकी वर्षं दाद नव्हती. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "निदान तुमच्या तरी गळ्यात आहेत."

मग शब्दाच्या मागे लागलो. थायरॉइड ग्रीक निघाला. 'थुरा' म्हणजे दार. त्यावरून 'थुरेओस', म्हणजे आधी दाराला लावायचा धोंडा. होमरच्या 'ओडिसी'त एकडोळ्या राक्षस गुहेच्या तोंडाशी असा धोंडा लोटतो, की बावीस चारचाकी गाड्या जुंपल्या तरी तो हलू नये. (सकाळी सहाला माझ्या पापण्यांवर नेमका तोच असतो. डॉक्टर त्याला 'थकवा' म्हणतात.) पुढे दारासारख्या उभट, लांबट ढालीला तेच नाव पडलं. गळ्यात पुढे जे कूर्चेचं टणक टेंगूळ लागतं, ज्याला आपण कंठमणी म्हणतो, ते दुसऱ्या शतकातल्या गेलेन नावाच्या वैद्याला ढालीसारखं दिसलं, म्हणून ते 'ढालीच्या रूपाचं'.

म्हणजे नाव कूर्चेचं. ग्रंथी बिचारी तिच्या खालच्या अंगाला राहायची, एवढंच. १६५६ साली थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने ग्रंथींवर पुस्तक लिहिलं आणि हिचं नाव शेजारणीवरून ठेवून दिलं. चाळीत 'कुलकर्ण्यांच्या शेजारचे' म्हणून आयुष्य काढलेली माणसं मला माहीत आहेत, ही त्यांतलीच. व्हार्टनच्या स्वतःच्या नावाची मात्र सोय झाली, लाळेची एक नळी आजही त्याच्या नावाने वाहते. ही ग्रंथी करते काय, यावरही त्याचं मत होतं. मानेतला खळगा भरून ती गोल, सुबक दिसावी, विशेषतः बायकांची, हे तिचं एक काम! सबंध शरीराची चूल मंद-मोठी करणाऱ्या अवयवाला त्याने खुशाल दागिन्यांच्या पेटीत टाकलं. काकूंची धाप आणि माझी सुस्ती त्याने पाहिली असती, तर ते वाक्य त्याने खोडलं असतं असं वाटतं. खात्री नाही, पुस्तक छापून झाल्यावर खोडणारे विद्वान मी फार पाहिलेले नाहीत.

म्हटलं, निदान आपलं नाव तरी बरोबर असेल. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. संस्कृत कोश उघडला. 'अवटु' म्हणजे मानेची मागची बाजू! व्हार्टनने शेजारणीचं नाव लावलं, आपण पाठीमागच्या गल्लीतलं. पत्ता चुकवण्यात आपण कुणाला हार जात नाही.

एक गोष्ट मात्र आवडली. ग्रीक 'थुरा' आणि संस्कृत 'द्वार' एकाच मुळाचे, म्हणजे आपलं 'दार' आणि हा 'थायरॉइड' चुलत भावंडंच. गळ्यात परकं कुणी नाही, भाऊबंदच बसलाय. भाऊबंदकीचा अनुभवही येतो. सकाळी उठून त्याला पांढरी गोळी वाहायची, नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. आणि मग तासभर चहा नाही. आयुष्यभर तोंड धुण्याआधी चहा घेतलेल्या माणसाने घड्याळाकडे बघत बसायचं. शेजारच्या घरात आलं किसल्याचा वास येतो तेव्हा साताला पंचवीस मिनिटं कमी असतात.

परवा पुन्हा लिफ्टमध्ये काकू भेटल्या. मी भाविकपणे सगळं सांगितलं : दार, धोंडा, ढाल, गेलेन, व्हार्टन. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माझं दार सताड उघडं, आणि तुमचं ओढून घेतलेलं!"

व्हार्टनपेक्षा नेमकं. मी कौतुकाने मान हलवत राहिलो. काकू चौथ्या मजल्यावर उतरल्या, दार लागलं, आणि मग लक्षात आलं, की मला तिसऱ्यावर उतरायचं होतं.