तुमच्या बारशाला जेवलोय

सरकारी योजना जन्माला येताना आधी तिचं नाव ठरतं, मग फलकावर फोटो कुणाचा आणि केवढा हे ठरतं, आणि पैसे कुठून आणायचे तेवढं वित्त विभागावर सोपवून मंडळी पेढे वाटायला निघतात. 2024 च्या जूनमध्ये आपल्याकडे ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ जन्मली. बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, पण इथे आत्या तीन. अजित पवारांच्या पक्षाने जाहिरातींत ‘मुख्यमंत्री’ हा शब्दच गाळला, आणि शिंदे गटाने मंत्रिमंडळाच्या बैठकीत फुरंगटून दाखवलं. पैसे बहिणीचे, मानपान आत्याबाईंचे.

अशा खर्चाला आपल्याकडे रेवडी म्हणतात. 2022 च्या जुलैत खुद्द पंतप्रधानांनी रेवडी संस्कृतीपासून सावध राहायला सांगितलं. पुढच्याच वर्षी त्यांच्याच पक्षाच्या सरकारने मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’ आणली आणि निवडणूक जिंकली. तेव्हापासून रेवडी फक्त समोरच्या दुकानात मिळते.

युरोपातल्या विद्वानांकडे याहून भारदस्त शब्द आहे, सामाजिक गुंतवणूक. पोराच्या दुधावर, पाळणाघरावर, शाळेवर, आईच्या नोकरीवर आज खर्च करा, वीस वर्षांनी तोच पोरगा कर भरेल. स्वीडनच्या मिर्दाल दांपत्याने 1934 मध्येच हा विचार पुस्तकात मांडला, आणि 2013 साली युरोपीय आयोगाने त्याचं रीतसर पॅकेज काढलं. हिशेब चोख आहे. अडचण एवढीच की परतावा वीस वर्षांनी आणि निवडणूक पाचव्या वर्षी.

मेक्सिकोत 1997 मध्ये ‘प्रोग्रेसा’ आली. पैसे आईच्या हातात, अट अशी की पोरं शाळेत गेली पाहिजेत आणि दवाखान्यात तपासून आणली पाहिजेत. माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा जास्त रक्कम. सांतियागो लेव्ही हे तिचे शिल्पकार. 506 गावं निवडली, काहींना आधी पैसे दिले, काहींना नंतर, आणि फरक मोजला. सरकारने स्वतःचीच परीक्षा घ्यावी, हे आपल्याकडे कुणी सुचवलं तर त्याची बदली होईल. 2002 मध्ये राष्ट्राध्यक्ष फॉक्स यांनी तिचं नाव ‘ओपोर्तुनिदादेस’ केलं, 2014 मध्ये पेन्या निएतो यांनी ‘प्रोस्पेरा’. बाळ तेच, कुंची नवी. मग लोपेझ ओब्रादोर आले आणि 2019 मध्ये योजनाच गुंडाळली. पाळणाघरांच्या अनुदानालाही त्याच वर्षी कात्री लागली. अर्थमंत्र्यांनी वर सुचवलं की पैसे कुटुंबाला द्या, आजी पोराला पाळणाघरापेक्षा बरं सांभाळेल. म्हाताऱ्यांचं पेन्शन मात्र वाढलं. आजी मतदार आहे, नातू नाही.

तरी मेक्सिकोची एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे सरकारी योजनेच्या जाहिरातीवर ‘हा कार्यक्रम सार्वजनिक आहे, कोणत्याही पक्षाचा नाही’ असं कायद्याने छापावं लागतं. महाराष्ट्रात हे वाक्य छापायचं म्हटलं तर फलकावर जागा कुठून काढणार? तीन चेहरे आधीच खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

ब्राझीलमध्ये लुलांच्या ‘बोल्सा फामिलिया’चं बोल्सोनारोंनी 2021 मध्ये ‘औसीलिओ ब्राझील’ केलं, 2022 च्या ऑगस्टमध्ये रक्कम 400 वरून 600 रेआइसवर नेली आणि ऑक्टोबरात ते हरले. लुलांनी 600 ठेवले आणि जुनं नाव परत आणलं. मतदाराने पैसे घेतले आणि मत आपलंच दिलं, हे आपल्याकडच्या रणनीतीकारांनी भिंतीवर लिहून ठेवावं. जर्मनीत तर बेकारांच्या योजनेला फोक्सवॅगनच्या मनुष्यबळ प्रमुखाचं, पेटर हार्ट्झ यांचं नाव चिकटलं. बेकारांना शिस्त लावणाऱ्या या साहेबांना 2007 मध्ये कंपनीतल्याच लाचप्रकरणात निलंबित कारावास झाला. 2023 मध्ये योजनेचं नाव बदललं, आता मेर्त्स सरकारला तेही नकोसं झालंय.

पण सोलच्या महापौरांची सर कुणालाच नाही. 2010 च्या डिसेंबरात तिथल्या नगर परिषदेने शाळेतल्या सगळ्या पोरांना फुकट जेवण द्यायचं ठरवलं. महापौर ओ से-हून म्हणाले, ही लोकानुनयाची सवंग चाल आहे, श्रीमंताच्या पोराला सरकारने का जेवू घालावं? 2011 मध्ये प्रकरण थेट सार्वमतावर गेलं. मतदानाच्या तीन दिवस आधी महापौरांनी पत्रकारांसमोर गुडघे टेकून अश्रू ढाळले आणि हरलो तर राजीनामा देईन म्हणाले. विरोधकांनी युक्ती केली, मतदानालाच जाऊ नका म्हणून सांगितलं. किमान एक तृतीयांश मतदान हवं होतं, झालं 25.7 टक्के. मतपेट्या उघडल्याच नाहीत, महापौर घरी गेले, पोरं जेवायला बसली. (ओ साहेब 2021 मध्ये पुन्हा महापौर झाले. राजकारणात माणसं जातात ती मधल्या सुट्टीसाठी.) पुढे 2013 पासून कोरियात पाच वर्षांपर्यंतच्या पोरांचा सांभाळही फुकट झाला. सगळी तयारी झाली आणि बघतात तर पोरंच नाहीत. 2023 मध्ये जननदर 0.72. तिथल्या कचेऱ्यांत रात्री उशिरापर्यंत खुर्ची न सोडण्याचा रिवाज मात्र सुटता सुटत नाही.

ब्रिटनने आणखी कमाल केली. ब्लेअर यांच्या काळात गरीब वस्त्यांत लहान मुलांसाठी ‘शुअर स्टार्ट’ केंद्रं निघाली. 2010 नंतर आलेल्या सरकारने खर्चाला कात्री लावली आणि शेकडो केंद्रं बंद पडली. 2024 मध्ये संशोधकांनी निकाल दिला की त्या केंद्रांजवळ वाढलेल्या, विशेषतः गरीब मुलांना सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत खरोखरच जास्त गुण मिळाले. गुणपत्रिका हाती आली तेव्हा शाळा पाडून झाली होती.

आपल्या हातूनही एकदा एक शहाणपणा घडला होता. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला, 1972 च्या दुष्काळात तो राज्यभर पोचला, आणि 1975 मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ना, ते हेच. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं आणि त्याचं बिलही उघडपणे भरायचं. हल्लीच्या योजनांना नाव असतं, गाणं असतं, फक्त बिल नसतं. त्याच कल्पनेतून दिल्लीने 2005 चा कायदा केला, 2009 मध्ये त्याला गांधीजींचं नाव दिलं आणि 2025 च्या डिसेंबरात त्या जागी ‘जी राम जी’ आणलं. दिवस 100 चे 125 झाले, आणि 40 टक्के खर्च बहुतेक राज्यांच्या गळ्यात आला.

आणि ज्या बाई खरोखर सामाजिक गुंतवणूक करतात, त्यांचं काय चाललंय? 1975 पासूनची ही अंगणवाडी, आता कागदावर ‘सक्षम अंगणवाडी व पोषण 2.0’. ताईंना मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, म्हणजे मान सरकारचा आणि धन जमेल तसं. 2023 च्या डिसेंबरात त्या संपावर गेल्या तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. सहा महिन्यांत बहिणींसाठी वर्षाला 46,000 कोटी निघाले, आणि अर्ज भरायला हाताशी धरलं ताईंनाच, अर्जामागे 50 रुपये देण्याचा वायदा करून. निवडणूक झाली, दरमहा 2,100 देण्याचा शब्द मागे पडला, पडताळणी पुढे आली. 14,000 हून अधिक पुरुष लाडक्या बहिणी निघाले. मग ज्या घरी अर्ज भरला त्याच घरी चारचाकी आहे का बघायलाही ताईंनाच धाडलं.

“वहिनी, दारात गाडी कुणाची?”

“मेव्हण्याची. लग्नाला आला होता, ठेवून गेला.”

“कधीचं लग्न?”

“गेल्या वर्षीचं.”

ताई ज्या गावात राहतात त्याच गावात त्यांना उद्या पोरांची वजनं करायला जायचंय, त्यामुळे त्या मेव्हण्याची गाडी मेव्हण्याचीच लिहितात. तोवर अंगणवाडीत मदतनीस एका हाताने खिचडी ढवळते, दुसऱ्या हाताने पोषण ट्रॅकरसाठी रेंज शोधते. समोर बसलेल्या तीन-तीन वर्षांच्या मंडळींची मात्र कुठल्याच पक्षाला घाई नाही. त्यांना मत मिळायला अजून पंधरा वर्षं आहेत.