सूर्यनारायणाचे सेवापुस्तक

सृष्टीच्या आरंभापासून विनावेतन राबणाऱ्या, रजेचा अर्ज कधीही न केलेल्या आणि पेन्शनीचा विषयही ज्याने आजवर काढला नाही अशा सूर्यनारायणाला विद्युत खात्याने आपल्या सेवेत रीतसर रुजू करून घेतल्यापासून त्याची जी झपाट्याने बढती होत गेली, ती पाहून तीस वर्षे एकाच खुर्चीवर बसून अव्वल कारकुनीपर्यंतही न पोचलेली मंडळी मनातून पोळली असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. 2014 च्या मार्चमध्ये ज्याच्या नावावर अवघ्या देशात तीन हजार मेगावॅटही नव्हते, त्याच्या नावावर 2025 च्या जूनअखेर एक लाख दहा हजारांहून अधिक मेगावॅट चढले. राजस्थानातल्या भडल्याच्या ओसाड वाळूत, जिथे पूर्वी महसूल खात्याचा अंमलदारही नाइलाज झाल्याखेरीज फिरकत नसे, तिथे आता क्षितिजापर्यंत सौरपट्ट्यांची दाटी झाली आहे. ही प्रगती खरी आहे, आणि तिला हसण्याइतके आम्ही करंटे नाही.

आमचे हसू निराळ्या ठिकाणी आहे. त्याच जूनअखेर सरकारदरबारी जी मोजदाद झाली, तीत देशाच्या एकूण सुमारे 4 लाख 85 हजार मेगावॅट विद्युत्क्षमतेपैकी निम्म्याहून किंचित अधिक क्षमता कोळसा, वायू आणि तेल यांच्यावाचून चालणारी असल्याचे निष्पन्न झाले. आणि 2030 पर्यंत पाळावयाचे वचन पाच वर्षे आधीच पाळले गेल्याची दवंडी पिटली गेली. मुदतीनंतर पाच वर्षांनी पूर्ण होणारे पूल आणि मुदत संपल्यावरच आरंभ होणारे रस्ते पाहून ज्याची दृष्टी तयार झाली आहे, अशा नागरिकाला ही वार्ता ऐकून प्रथम भोवळ आणि मग अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होते. परंतु या जमाबंदीत जे मोजले गेले ते काम नव्हते, ती ताकद होती. शंभर मेगावॅटचा सौरप्रकल्प रात्री निजतो, सकाळी आळस देतो, ढग आले की तोंड लपवतो आणि वर्षाच्या सरासरीने वीस-पंचवीस मेगावॅटांचे काम करून मोकळा होतो. प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटांची वही उघडली, तर तिथे जवळजवळ पाऊण हिस्सा काळ्या कोळशाचाच निघतो. मानकऱ्यांच्या यादीत निम्मी नावे एका पक्षाची आणि पालखीला खांदा मात्र दुसऱ्याचा, असा हा थाट आहे. त्यातच या निम्म्यात अणुविद्युतही सामावलेली आहे, कारण पंगतीत बसण्याची अट एवढीच की पाहुणा खनिज इंधनाच्या कुळातला नसावा.

कुळाचा विषय निघालाच आहे, तर खोपोलीची कथा सांगितल्यावाचून राहवत नाही. लोणावळ्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस तळ्यांत साठवून, तो घाटाखाली सोडून, त्या ओघावर मुंबईच्या गिरण्या चालविण्याचा टाटांचा उद्योग 1915 मध्ये सुरू झाला. पुढे कोयनेचे पाणीही सह्याद्रीच्या पोटातून उतरून वीज देऊ लागले आणि ती क्षमता वाढत वाढत 1960 मेगावॅटांपर्यंत गेली. दर आषाढात नव्याने भरणारे हे पाणी अक्षय आहे, हे शाळकरी पोरालाही कळत होते. सरकारी दफ्तराला मात्र पंचवीस मेगावॅटांपर्यंतचाच जलप्रकल्प अक्षय म्हणून मान्य होता, त्याहून मोठा झाला की त्याची जात बदलत असे. अखेर 2019 च्या मार्चमध्ये हुकूम सुटला, मोठ्या जलविद्युतेला अक्षय ऊर्जेची सनद मिळाली, आणि थेंबभर पाणी न वाढता तक्त्यातली हरित क्षमता सुमारे 45 हजार मेगावॅटांनी फुगली. भगीरथाला गंगा आणण्यास तपश्चर्या करावी लागली. आमच्या सचिवालयात एक परिपत्रक पुरते.

आता खरी अडचण सायंकाळची. घरोघर दिवे लागतात, पंखे फिरतात, मालिका सुरू होतात, नेमक्या त्याच मुहूर्तावर आमचा नवा बढतीवाला सेवक पश्चिमेकडे तोंड करून चालू लागतो. यावर केंद्राने 2023 च्या नियमांत तोडगा काढला आहे, तो असा की उन्हाच्या तासांत वीजदर दहा ते वीस टक्के उतरावा आणि मागणीच्या ऐन घटकेला तितकाच चढावा. म्हणजे सूर्याचे कामाचे तास बदलता येत नसल्यामुळे गृहिणीचे बदलावयाचे! दुसरा उपाय अधिक शहाणपणाचा आहे: दुपारची उतू जाणारी वीज वापरून खालचे पाणी पंपाने वर चढवायचे आणि अंधार पडल्यावर तेच पुन्हा खाली सोडायचे. सह्याद्रीतला घाटघरचा 250 मेगावॅटांचा उदंचन प्रकल्प हेच पाणी चढवण्या-उतरवण्याचे काम निमूटपणे करीत आला आहे. असे साठे हवेत तेवढे नाहीत, आणि वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्याही सौरपट्ट्यांच्या वेगाने उभ्या राहिल्या नाहीत. परिणामी 2025 मध्ये राजस्थानात भर दुपारी, सूर्य डोक्यावर तळपत असताना, सौरप्रकल्पांना वीज आवरती घेण्याची फर्माने निघाली. ज्याच्या आगमनासाठी तोरणे बांधली त्यालाच उंबऱ्यावर थांबवून पाट शिल्लक नसल्याचे सांगण्याचा हा पाहुणचार आमच्या परंपरेत तरी बसत नाही.

सूर्याच्या वक्तशीरपणाची खरी किंमत कोणाला असेल, तर ती शेतकऱ्याला. आठवड्यातल्या काही पाळ्या रात्रीच्या ठरवून देणाऱ्या वेळापत्रकापायी तो हाती बॅटरी घेऊन, विंचूकाट्याच्या आणि बिबट्याच्या धास्तीने, माघातल्या थंडीत पिकाला पाणी देत आला. ज्याला केवळ दिवसाच वीज हवी आहे आणि ज्याच्याजवळ केवळ दिवसाचीच वीज आहे, या दोघांची सोयरीक जुळवण्यास कोणा ज्योतिषाची गरज नव्हती, तरी ती जुळायला एवढा काळ लोटला. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावी कृषिपंपांसाठी तीन मेगावॅटांचा सौरप्रकल्प उभा राहिला. आकाराने तो भडल्याच्या एका कोपऱ्यात हरवून जाईल, पण त्याच्या युनिटाला दिवसाढवळ्या गिऱ्हाईक आहे, आणि आमच्या हिशेबी त्याचे मोल त्या निम्म्याच्या दवंडीपेक्षा अधिक आहे.

विद्युत खात्याच्या मायबाप अधिकाऱ्यांकडे आमची अर्जी एवढीच, की पुढील वेळी मेगावॅटांचा आकडा छापताना त्याच्या शेजारी, त्याच ओळीत, प्रत्यक्ष निर्माण झालेल्या युनिटांचा हिस्साही छापावा. टाइप बारीक असला तरी हरकत नाही. आम्ही चष्मा लावून वाचू.